नंदादीपातलं इंधन

"भरल्या टाकीनं कधी उतरायचं नाही," असं आमचे हे मला नेहमी सांगत. "जड विमान वळताना वेग खातं, खाली दबतं. आधी तेल जाळायचं, मग जमीन."

रविवारी दुपारी हे आतल्या खोलीतल्या सिम्युलेटरवर लढाऊ विमान घेऊन उडाले, ते अजून उतरलेले नाहीत. खुर्ची रिकामी आहे. हे पडद्यात आहेत. खोली रोज थोडी लांबते. आज तिच्या टोकाला धावपट्टी लागली.

देवघरातून हाक मारली की यांना ऐकू जातं.

"अहो, भात निवतोय."

"कसा येऊ, कुमुद? इतकं जाळतोय, तरी तेलाचा काटा भरलेलाच. नाक उचलायला दोन्ही हात लागतात."

"अजून थोड्या घिरट्या घाला."

"घिरट्या घालून म्हातारा झालो. कोण भरतंय गं?"

मी तेव्हा नंदादीपात तेल घालत होते. हा माझा रोजचा नेम, सासूबाईंकडून आलेला. दिवा विझू द्यायचा नाही, जागचा हलवायचा नाही. धार पडली तसा दारातून दिसणारा पडद्यावरचा काटा वर सरकला, आणि स्वयंपाकघरातली भांडी डावीकडे घसरली.

मी बुधली खाली ठेवली.

"हं, कळलं," हे म्हणाले. "तुझ्या देवाला सांग, पंप बंद कर."

"सांगते."

तिन्हीसांजेला तेल तळाला गेलं. विमान हलकं झालं, यांचा आवाजसुद्धा. "बोटानं वळतंय बघ आता." मग म्हणाले, "पण पट्टी दिसत नाही गं. इकडे सगळा अंधार. आणि टाकीत एकाच फेरीपुरतं उरलंय."

"मी टोकाशी दिवा धरते."

"नक्की?"

"हो."

घरात दुसरा उजेड होईना. बटणं दाबली. काड्या ओढल्या, त्या नुसत्या धुपल्या. बुधलीकडे हात गेला, तेवढ्यात भांडी खुळखुळली. हात मागे घेतला.

देवाला नमस्कार केला. नंदादीप जागचा उचलला, पदराचा आडोसा केला आणि आतल्या खोलीत शिरले. फरशी पुढे पुढे वाढत होती. इंजिनाचा आवाज दुरून वळला आणि माझ्या पाठीमागे सरळ झाला. वातीचं टोक काळं पडू लागलं होतं. तरी मी पावलं उचलली नाहीत भराभर. ज्योत हलली की विमान हलत होतं.