थेंब मंदावले तेव्हा

मित्रांनो, मला चार हात आहेत, पाच पाय आहेत, पण तोंड नाही. ओळखा पाहू मी कोण? खेकडा म्हणाल तर चुकाल. मी एक जुना सलाईनचा स्टँड आहे. माझे हात म्हणजे वरचे चार आकडे आणि पाय म्हणजे खालची पाच चाके. त्यांतले एक चाक आता जाम झाले आहे. त्यामुळे मला कोणी ढकलले की मी सरळ न जाता हट्टी बकरीसारखा भिंतीकडे ओढ घेतो.

माझा जन्म एका वर्कशॉपमध्ये झाला. नळ्या कापून, वाकवून, जोडून आम्हा भावंडांना उभे केले गेले. तिथून आम्ही एका मोठ्या इस्पितळात आलो आणि आमची ताटातूट झाली. एक भाऊ बाळंतिणींच्या वॉर्डात गेला. त्याचे नशीब थोर, रोज नवे रडणे ऐकायचे आणि रोज पेढे वाटणारी हसरी तोंडे बघायची. दुसरा हाडे मोडलेल्यांकडे गेला. माझ्या वाट्याला केमोची खोली आली.

ती खोली तुम्ही पाहिली नसेल, आणि तुम्हाला कधी पाहावी लागू नये. भिंतीला लागून मागे रेलणाऱ्या खुर्च्यांची रांग. समोर आवाज बंद केलेला टीव्ही. खिडकीतून फक्त गाड्या लावायची जागा दिसायची. कोपऱ्यातला फ्रिज मध्येच घरघरायचा आणि मग दचकल्यासारखा थांबायचा. खुर्चीत बसलेली माणसे एकमेकांना गाव विचारत नसत. "तुमची कितवी?" एवढेच विचारत. म्हणजे केमोची कितवी खेप.

केमो म्हणजे काय ते मी तिथे उभ्या उभ्या शिकलो. कॅन्सरमध्ये शरीराच्याच पेशी वाट्टेल तशा वाढत सुटतात. त्यांना मारणारे औषध शिरेतून रक्तात सोडतात. रक्त जिथे जिथे जाते तिथे तिथे औषध जाते. भरभर वाढणारी पेशी दिसली की ते तिच्यावर तुटून पडते. पण त्याला आपले-परके फारसे कळत नाही. केस, तोंडाच्या आतली कातडी, रक्तातल्या पेशी, यासुद्धा भरभर वाढतात. मग सुक्याबरोबर ओलेही जळते. म्हणून एका डोसानंतर काही आठवडे थांबतात, शरीराला जरा सावरू देतात, रक्त तपासतात आणि मगच पुढचा डोस देतात.

या औषधांत एक लाल औषध होते. सरबतासारखे सुंदर लाल. पण त्याचा धाक सगळ्या खोलीला होता. शिरेच्या आत असेपर्यंत ते औषध, शिरेबाहेर मांसात गळले की विस्तव. म्हणून ते पिशवीत टांगून कोणी चहाला जात नसे. माझ्या आकड्यावर साध्या सलाईनची पिशवी लावायची, ती वाहती ठेवायची, आणि सिस्टरने शेजारी स्टूल घेऊन बसायचे. हातमोजे घालून मोठ्या सिरिंजमधून ते औषध वाहत्या नळीत थोडे थोडे सोडायचे. थोडे सोडले की थांबायचे, शिरेतून रक्त मागे येते का बघायचे आणि विचारायचे, "जळजळतंय का?" तो एक प्रश्न म्हणजे अर्धा उपचार होता.

आता काचवाल्या काकूंची गोष्ट सांगतो.

काकूंचे तसबिरी मढवायचे दुकान होते. चौकट त्यांचे यजमान करायचे, पण काच कापायची ती काकूंनीच. काचेवर हिऱ्याच्या टोकाची लेखणी एका दमात ओढायची आणि टकटक करून काच दोन तुकड्यांत वेगळी करायची. हे सगळे मला त्यांच्या धाकट्या जाऊबाईंकडून कळले. जाऊबाई काकूंसोबत यायच्या आणि आल्यापासून जाईपर्यंत बोलत राहायच्या. त्यांच्या जिभेला हाड नव्हते आणि मनात कपट नव्हते.

"ताई काच कापतात ना, तेव्हा दुकानात कुणी श्वास घेत नाही," त्या शेजारच्या खुर्चीला सांगायच्या. "मी एकदा कापायला गेले, तर काचेचे सात तुकडे. गिऱ्हाईक म्हणालं, बाई, मी एकच फोटो आणला होता."

काकू हसायच्या, पण आवाज न करता. त्यांच्या छातीच्या डाव्या बाजूची शस्त्रक्रिया झाली होती, काखेतल्या गाठीही काढल्या होत्या. त्या बाजूच्या हातात सुई टोचायची नसते. म्हणून सगळ्या सुया उजव्या हाताला, काच कापायच्या हाताला. डॉक्टरांनी सुचवले होते की गळ्याखाली कातडीच्या आत एक छोटी डबी बसवू, तिच्यातून औषध थेट मोठ्या शिरेत जाईल, हाताला त्रास नाही. काकू म्हणाल्या, "बाकीचे हातावर घेतात ना? मग मी काय नाजूक आहे?"

आणि खरेच, काकूंनी कधी हूं की चूं केले नाही. सुई टोचताना हात मागे घेतला नाही. पहिल्या वेळी शीर सापडेना, तीनदा टोचावे लागले, तरी कपाळाला आठी नाही. मोठ्या सिस्टर, म्हणजे खोलीतल्या सगळ्यांत अनुभवी, मायाळू बाई, त्या थक्क झाल्या. "काकूंकडे बघा," त्या इतरांना सांगू लागल्या. "एक शब्द नाही तोंडातून. याला म्हणतात धीर." एखादा कण्हू लागला की काकूंचे उदाहरण ठरलेले. काकूंना ते आवडायचे. आजाराने केस नेले, जेवणाची चव नेली, पण ही एक नवीन गोष्ट हाताशी दिली होती, शाबासकी.

"सिस्टर, त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवू नका हो," जाऊबाई म्हणाल्या होत्या. "आधीच बोलत नाहीत. आता तर उतरायच्याच नाहीत."

सगळे हसले. मला हसता येत असते तर मीही हसलो असतो.

लाल औषधाच्या तिसऱ्या खेपेला काकू आल्या तेव्हा त्यांच्या हाताच्या शिरा दोरीसारख्या कडक झाल्या होत्या. मोठ्या सिस्टरांनी हात गरम पाण्याच्या पिशवीने शेकला, बराच वेळ चाचपला आणि मनगटाच्या मागे एक बारीक शीर शोधली. सलाईन वाहू लागले. रक्त मागे आले. सगळे ठीक होते. तोंडात फोड येऊ नयेत म्हणून काकूंना चघळायला बर्फाचा खडा दिला. जाऊबाई आणखी बर्फ आणायला बाहेर गेल्या.

सिस्टरांनी लाल औषध सोडायला सुरुवात केली. थोडे सोडले, थांबल्या, पाहिले. "काकू, जळजळतंय का?"

काकूंनी मान हलवली. नाही.

मित्रांनो, थेंब माझ्या आकड्याखाली पडतात. माझ्याइतके जवळून ते कोणी बघत नाही. मला दिसले की थेंब मंदावले आहेत. टप, टप, असे पडणारे थेंब विचार करून पडू लागले. शिरेत जागा असली की पाणी धावते. बाहेर कुठेतरी साचू लागले की अडते. मला ते कळले आणि मी काय केले? काहीच नाही. मी काय करणार होतो? माझे चाक कुरकुरते, पण कोणी ढकलले तर. मी त्या पाच चाकांवर तसाच उभा राहिलो आणि लाल रेघ नळीतून खाली जाताना बघत राहिलो.

त्याच वेळी पलीकडच्या खुर्चीतल्या आजोबांना ओकारी आली. सिस्टरांनी वळून साफसफाईच्या मावशींना हाक मारली, "मावशी, भांडं द्या त्यांना." मग पुन्हा काकूंकडे पाहिले. "ठीक आहे ना? काही होत नाही ना?"

"काही नाही," काकू म्हणाल्या आणि हसल्यासुद्धा.

सिस्टर त्या हसण्यावर विसंबल्या. कोण विसंबणार नाही? त्यांनी आणखी थोडे औषध सोडले.

जाऊबाई बर्फाचा पेला घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. त्यांनी काकूंच्या चेहऱ्याकडे पाहिलेच नाही. त्यांची नजर पायांवर गेली. काकूंची चप्पल गळून पडली होती आणि पायांची बोटे आत वळून घट्ट आवळली होती.

"सिस्टर, थांबा," जाऊबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता. "त्यांना दुखतंय. खूप दुखतंय."

"पण त्या तर नाही म्हणतायत."

"त्या बाळंत होताना पण नाहीच म्हणत होत्या. पाय बघा त्यांचे."

सिस्टरांनी सिरिंज थांबवली. मनगटावरची पट्टी अलगद वर केली. खालची कातडी टम्म फुगली होती आणि तांबडी झाली होती. मग खोलीत धावपळ झाली. सुई लगेच उपटायची नसते. तिच्यातूनच जेवढे औषध मागे ओढता येईल तेवढे सिस्टरांनी ओढून घेतले. डॉक्टर धावत आले. सुजेच्या कडेने पेनाने गोल आखला, म्हणजे सूज पसरते का ते कळावे. बर्फ ठेवला. हात उंच करायला आधार हवा होता, म्हणून तो माझ्या दांड्याला मऊ फडक्याने बांधला. काकूंचा हात माझ्या अंगाला टेकला होता. पण मी गार पडलेला लोखंडी दांडा, मला तो धरतासुद्धा येत नव्हता.

"अहो ताई, बोलायचं ना," जाऊबाई रडत होत्या. "एवढं कसलं सोसायचं?"

"मला वाटलं थोडं जळतंच," काकू म्हणाल्या. "आणि बोलले असते तर काढून परत टोचलं असतं. सगळे बघत होते गं."

ती गोलाकार रेघ दुसऱ्या दिवशी ओलांडली गेली. काही आठवड्यांनी तिथली कातडी काळी पडली, मग उघडी झाली. मांडीची कातडी काढून तिथे लावावी लागली. जखम भरेपर्यंत पुढचा डोस देता येईना. कॅन्सर काही कॅलेंडर बघून थांबत नाही, हे डॉक्टर बोलले नाहीत, पण सगळ्यांना माहीत होते. शेवटी ती गळ्याखालची डबी बसवली आणि राहिलेली केमो तिच्यातून झाली. हात बरा झाला, असे म्हणतात. फक्त दोन बोटे आता वळत नाहीत. काच कापायची लेखणी त्या दोन बोटांवरच पेलायची असते.

जाऊबाईंनीच नंतर सांगितले, दुकानात आता त्या काच कापतात. काकू शेजारी उभ्या राहून सांगतात, "एका दमात ओढ, मध्ये थांबू नको." रोज काच फुटते आणि रोज दोघींचे भांडण होते.

मोठ्या सिस्टर त्या दिवशी सगळे आवरल्यावर माझ्याजवळ उभ्या राहिल्या होत्या. मावशींना म्हणाल्या, "मीच त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. दुखतंय म्हणायची सोयच ठेवली नाही मी त्यांना."  मावशींनी फरशी पुसायची थांबवली.

नंतर माझेही दिवस फिरले. नवे स्टँड आले. त्यांच्या कमरेला औषध मोजून सोडणारे यंत्र असते, ते शिट्टी वाजवते, दिवा लावते. माझे चाक जाम झाले तेव्हा मला दुरुस्तीला पाठवू असे ठरले, मग ते राहूनच गेले. आता मी बाहेरच्या वऱ्हांड्यात असतो. लोक माझ्यावर पिशव्या अडकवतात, ओल्या छत्र्या टांगतात. एकाने त्याचा डबा माझ्यावर लटकवला आणि विसरला. दोन दिवस मी उपवासाला बसलेल्या माणसासारखा तो वास घेत होतो.

परवा त्या वऱ्हांड्यात काकू आल्या. तपासणीचा रिपोर्ट घ्यायचा होता. केस परत आले होते, आखूड आणि कुरळे. त्यांनी डाव्या हाताने माझ्या आकड्याला पिशवी अडकवली. मला ओळखले नाही. मी काय, सगळे स्टँड सारखेच दिसतात.

शेजारी एक धिप्पाड माणूस बसला होता. ट्रक चालवणारा. पहिली खेप होती. गुडघा सारखा हलत होता.

"काकू," तो म्हणाला, "फार दुखतं का हो?"

काकूंनी उजवा हात त्याच्यासमोर धरला. त्याने त्या चुरगळलेल्या कातडीकडे पाहिले.

"हे औषधानं नाही झालं," काकू म्हणाल्या. "औषधानंच मी इथवर आले. हे माझ्या गप्प बसण्यानं झालं. मला सगळे शाबास म्हणत होते, आणि मला ती शाबासकी सोडवेना."

"मग मी काय करू?"

"सुईपाशी जराही जळजळलं, तर सांगायचं. खरंच जळलं नाही, नुसतं वाटलं तरी सांगायचं. दहा वेळा सांगायचं. लाज वाटली तर माझं नाव घे, म्हणावं त्या बाईनं बोंब मारायला सांगितलंय."

तो हसला. तेवढ्यात आतून त्याला हाक आली. तो गेला आणि दार बंद झाले. आत त्याच्या हातात सुई कशी गेली, त्याला जळजळले का, जळजळले तर तो बोलला का, हे मला कळायला मार्ग नाही. थोड्या वेळाने काकूंनाही दुसऱ्या दाराने बोलावले. त्या पिशवी घेऊन गेल्या आणि त्याच दाराने पलीकडे निघून गेल्या. त्यांच्या रिपोर्टमध्ये काय होते, तेही मला कळले नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही कोणी तरी असेल, आई असेल, आजोबा असतील, जे विचारले की "काही नाही" म्हणतात. त्यांना एकदा विचारून खेळायला पळू नका. पुन्हा विचारा. चेहरा हसत असेल तर पायांकडे बघा. आणि कोणी हूं की चूं न करता सोसत असेल, तर त्याला शाबासकी देऊ नका. त्याच्याजवळ बसा.