लिंबाचा चट्टा

"आता घासू नकोस गं. घासशील तितका पसरेल," सासूबाई दारातून कुजबुजल्या. घरात तिसरं माणूस नव्हतं, तरी कुजबुजल्याच.

सुनेचा हात थांबला. करड्या, गुळगुळीत ओट्यावर तळहाताएवढा फिकट चट्टा पडला होता. सकाळी लिंबाची अर्धी फोड तिथे पालथी राहिली आणि ती शिवणाला बसली. आंबटाने काँक्रीट खाल्लं होतं.

नवरा एक वाजता जेवायला यायचा. पाऊण वाजला होता.

तो गवंडी. हा ओटा त्याने स्वतः ओतला, महिनाभर घोटून आरशासारखा केला, वर सीलरचे तीन हात दिले. दर रविवारी मेण लावायचा. पुसायचं ते सौम्य साबणाने, मऊ फडक्याने. आंबट आणि तापलेलं भांडं वर्ज्य. सुनेला सगळं पाठ होतं. मागे गरम पातेल्याचा वण उठला, तेव्हा ते पातेलं तिच्या कानाजवळून भिंतीवर आदळलं होतं.

"चट्ट्यावर डबा ठेवू का?" सुनेने विचारलं.

"तो आधी डबाच उचलेल."

फाटकाची कडी वाजली.

तो आत आला, ओट्यापाशी थबकला. "कुणी केलं?" आवाज अगदी हळू. तसा आवाज आला की दोघींच्या काळजाचं पाणी व्हायचं.

"मी," सासूबाई म्हणाल्या. "म्हातारपणी ध्यानात राहत नाही रे."

त्याने आईचं मनगट धरून तिला ओट्याशी ओढलं. "बघ! नीट बघ!"

म्हातारी मनगट न सोडवता ओट्यावर वाकली. आईंना ही सवय जुनी आहे, सुनेच्या मनात आलं, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

"हात सोडा त्यांचा." आपलाच आवाज तिला परका वाटला. "लिंबू मी ठेवलं होतं."

तो गर्रकन वळला. ती मागे सरली नाही. त्याने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं, मनगट सोडलं आणि पॉलिश पेपर काढून पाठमोरा चट्टा घासू लागला.

म्हातारीच्या मनगटावर चार बोटं उमटली होती. सुनेने गार पाण्याची पट्टी ठेवली. मग बाहेरच्या खोलीत दोन ताटं वाढली.

"अगं, तो जेवायचाय अजून."

"बसा, आई."

आतली खरखर थांबली की दोघींचे हात थांबत, सुरू झाली की पुन्हा घास उचलत. दोघी जेवल्या. सून घरात आल्यापासूनच्या अकरा वर्षांत त्याच्याआधी पहिल्यांदाच.