आधी पेपर, मग केस

बिट्टीला सगळं येत होतं आणि नेमकी तीच अडचण होती. काही येत नसतं तर शिकवता तरी आलं असतं. दात घासताना विचारा, जिना चढताना विचारा, उत्तर तोंडातच असायचं. पण वर्गात पेपर समोर आला, आजूबाजूला सगळ्यांची पेनं खसाखसा चालायला लागली, की ही जागच्या जागी गोठायची. कागदावर नाव लिहायची आणि तिथेच थांबायची.

त्या गावात प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षी एक मोठी परीक्षा व्हायची. तिच्यावरून पुढची शाळा ठरायची, आणि लोकांच्या मते बाकीचं आयुष्यसुद्धा. चाळिशी उलटलेल्या एखाद्या गृहस्थाचा विषय निघाला तरी कुणीतरी आवाज खाली आणून म्हणायचं, "तो होय? तो त्या परीक्षेत राहिला होता."

सराव परीक्षेत बिट्टीने कोरा पेपर दिला तेव्हा वर्गाच्या बाईंनी आईबाबांना बोलावून घेतलं.

"अभ्यासाचं काही नाही," बाई म्हणाल्या, "तिला परीक्षेच्या वातावरणाची सवय करा."

बिट्टीचे बाबा न्हावी होते. कोपऱ्यावर त्यांचं चार खुर्च्यांचं सलून होतं. सांगितलेलं काम जसंच्या तसं करायचं, हा त्यांचा स्वभाव. गिऱ्हाईक 'बारीक करा' म्हणालं तर ते बारीकच करत, मग गिऱ्हाईक रडो की हसो. घरी येताना ते बाईंचा शब्द न् शब्द मनात घोळवत होते. दार उघडताना म्हणाले, "वातावरण म्हणजे काय? अनोळखी माणसं, खुर्च्या आणि चिडीचूप शांतता. दोन गोष्टी आपल्याकडे आहेत."

"आणि शांतता?" आईने विचारलं.

"ती तू आण."

आई बसवर कंडक्टर होती. दाराला लोंबकळणाऱ्यांना नुसत्या आवाजाने आत ढकलायची तिची ख्याती होती.

पुढच्या रविवारी सलूनच्या दारावर पाटी लागली: 'आधी पेपर, मग केस.' आत येणाऱ्या प्रत्येकाला गळ्याभोवती कापड बांधून मिळायचं, मांडीवर लिहायची फळी, हातात पेन आणि चौथीतल्या मुलांची प्रश्नपत्रिका. मधल्या खुर्चीत उशीवर उशी ठेवून बिट्टी बसलेली. दाराशी गणवेशातली आई.

"इकडेतिकडे बघायचं नाही! पेन सोडून काही हलता कामा नये! ओ, तुम्ही, टोपीवाले, नजर पुढे!"

पहिल्या दिवशी लोक कुरकुरले. दाढी अर्धी झालेली असताना पेपर हातात आला तेव्हा एकजण तसाच उठून निघून गेला आणि आठवडाभर एकाच गालाने हिंडला. पण गावात दुसरं सलून लांब होतं, आणि खरं सांगायचं तर लोकांना आतून खुमखुमी होती. चौथीचा पेपर आपल्याला येणार नाही, असं कुणाला वाटतं?

कोपऱ्यावरचा बेकरीवाला तिसऱ्या प्रश्नावरच अडला. 'एक बेकरीवाला दोन तासांत चाळीस पाव भाजतो, तर...'

"कुठली भट्टी आहे ही?" तो ओरडला. "दोन तासांत चाळीस? हा माणूस उपाशी मरेल!"

"प्रश्न सोडवा," आई म्हणाली.

"नाही सोडवणार. धंद्याची बदनामी आहे." आणि त्याने उत्तराच्या जागी 'आधी भट्टी दुरुस्त करा' असं लिहून खाली सही केली.

दुसऱ्या रविवारी बाबांच्या लक्षात आलं की सगळे समोरच्या आरशातून शेजारच्याचं बघून लिहितात. आकडे उलटे उतरवल्यामुळेच ते पकडले गेले. तेव्हापासून रविवारी आरशांवर वर्तमानपत्रं चिकटवली जाऊ लागली. मग केस कसे कापले गेलेत हे गिऱ्हाइकाला घरी गेल्यावर बायकोच्या चेहऱ्यावरून कळायचं. खुर्च्या गोल फिरायच्या, म्हणून त्यांनाही खाली पाचर मारली.

यात खरा अडकला तो दातांचा डॉक्टर. बावन्न वर्षांचा, तुळतुळीत दाढीचा, गावातल्या निम्म्या लोकांच्या तोंडात हात घालून आलेला माणूस. अक्कलदाढ उपटताना ज्याचा हात हलला नाही, त्याच्या हातातलं पेन जागचं हलेना. पहिल्या रविवारी त्याने फक्त नाव लिहिलं. दुसऱ्या रविवारी नाव लिहिलं आणि ते खोडलं.

तिसऱ्या रविवारी तो आला तेव्हा बरोबर त्याची आई होती.

म्हातारी काठी टेकत आली, बाहेरच्या बाकावर बसली आणि डब्यातून सोललेलं सफरचंद काढून मुलाच्या तोंडात कोंबलं. "आधी सोपे प्रश्न घे, राजा. कठीण आलं की पुढे जा. घाबरायचं नाही. मी इथेच आहे."

"आई, लोक बघतायत," डॉक्टर तोंडातल्या तोंडात म्हणाला.

"बघू देत. त्यांच्या आया नाही आल्या, त्याला मी काय करू?"

हे बोलणं गावभर झालं, आणि पुढच्या रविवारी आया आल्या. बेकरीवाल्याचा बापही आला. ज्यांचे आईबाप हयात नव्हते त्यांच्या मावश्या आल्या, मोठ्या बहिणी आल्या. बाक पुरेना, म्हणून शेजारच्या दुकानातून खुर्च्या मागवल्या. आत पोरं, म्हणजे पन्नाशी-साठीची पोरं, पेपर लिहायची आणि बाहेर त्यांची वडीलधारी माणसं श्वास रोखून बसायची.

"मला तर रात्री जेवण जात नाही," डॉक्टरची आई सांगायची. "हुशार आहे हो, पण धांदरट. दवाखाना संध्याकाळचा बंदच ठेवायला सांगितलाय मी. दात काय, नंतरही उपटता येतील."

"आमचा तर ऐकतच नाही," बेकरीवाल्याचा बाप म्हणायचा. "पावाच्या गणितावर रुसून बसलाय. त्याचेच मार्क जाणार."

एकदा तर बाबांनी तपासलेला डॉक्टरचा पेपर म्हातारीने बघायला मागितला. "बेकरीवाल्याला शुद्धलेखनाला दोन आणि माझ्या मुलाला दीड? नुसतं नाव लिहिलं असेल, पण अक्षर बघा! तुमच्याकडे तो पाव फुकट देतो, म्हणून होय?"

बाबांनी हातातली कात्री खाली ठेवली. "मावशी, ही खरी परीक्षा नाही हो. हे सगळं आमच्या बिट्टीसाठी आहे."

"तुमच्या बिट्टीसाठी असेल," म्हातारी म्हणाली. "माझा मुलगा उगाच लिहितो की काय?"

बिट्टी उशांवर बसून हे सगळं ऐकत असे. पहिले काही रविवार तीही फक्त नाव लिहून बसली होती. मग तिचं लक्ष शेजारी गेलं. डॉक्टरकाकांच्या कपाळावरून घामाचा थेंब निघून गळ्याच्या कापडावर पडत होता. तिने आजवर इतका मोठा माणूस इतका घाबरलेला पाहिला नव्हता.

"काका," ती कुजबुजली, "नाव लिहिल्यावर पेन थांबतं ना?"

डॉक्टरने मान हलवली.

"माझंपण थांबतं."

"मग तू काय करतेस?"

बिट्टीने विचार केला. करत तर ती काहीच नव्हती. पण एवढा मोठा माणूस आशेने बघत असताना 'काही नाही' कसं म्हणायचं? "शेवटच्या पानापासून सुरुवात करायची," तिने जागेवर रचून सांगितलं. "तिथे पेनला कळत नाही की परीक्षा आहे."

"बोलायचं नाही!" दारातून आई गरजली.

दोघांनी शेवटचं पान उघडलं. आपण सांगितलंय तर करून दाखवायला हवं, म्हणून बिट्टीने पहिलं उत्तर लिहिलं, मग दुसरं. शेजारी डॉक्टरही लिहीत होता, जीभ बाहेर काढून. त्या दिवशी बाबांनी भलत्याच गिऱ्हाइकाची मिशी उडवली, कारण त्यांचं सगळं लक्ष लेकीच्या पेनाकडे होतं.

असं करता करता परीक्षेचा दिवस उजाडला. आईबाबांनी त्या सकाळची पूर्ण आखणी केली होती. फाटकाशी आई पाठीवरून हात फिरवणार, बाबा 'शांतपणे लिही' म्हणणार, मग दोघंही ती दिसेनाशी होईपर्यंत हसरे राहणार. हसण्याचा सरावसुद्धा झाला होता.

फाटकाशी पोचले तर डॉक्टर आणि त्याची आई आधीच तिथे. डॉक्टर इस्त्रीचा शर्ट घालून, केस चापून बसवून, हातात दोन पेनं घेऊन उभा. फाटकावरच्या रखवालदाराशी म्हातारी भांडत होती.

"वय काय म्हणालात?" रखवालदार विचारत होता.

"बावन्न."

"मर्यादा अकराची आहे, आजी."

"हा अकरा वर्षांचा होता तेव्हा इथे ही परीक्षाच नव्हती. ती काय याची चूक?"

रखवालदाराने टोपी काढून डोकं खाजवलं. असा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नव्हता.

"बाहेर बाकावर बसवा, पण बसवा," म्हातारी म्हणाली. "सगळी तयारी झालीय त्याची."

बाबा मध्ये पडले. समजूत घालायला गेले होते, पण म्हातारीचे डोळे भरून आलेले दिसले आणि त्यांच्याही नकळत ते तिच्या बाजूने बोलायला लागले. "अहो साहेब, मुलगा खरंच मेहनती आहे. मी स्वतः पाहिलंय."

"तुम्ही कोण याचे?"

"मी... केस कापतो."

मग आई उतरली. बस डेपोतला आवाज तिथे लागला. "वरिष्ठांना बोलवा! लेखी द्या, याला का घेत नाही ते!" आजूबाजूचे पालक जमले. काहींना वाटलं, कुणातरी लेकरावर अन्याय झालाय, आणि तेही ओरडू लागले. डॉक्टर मात्र कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल होऊन "आई, राहू दे ना, आई," एवढंच म्हणत होता.

घंटा झाली. फाटक बंद झालं. आरडाओरडा हळूहळू ओसरला आणि आईने शेजारी हात फिरवायला घेतला तर तिथे पाठच नव्हती.

"बिट्टी कुठेय?"

"आत गेली ती," डॉक्टर म्हणाला. "केव्हाच. मला म्हणाली, 'काका, तुम्हाला आत सोडलं तर शेवटचं पान विसरू नका.'"

आईबाबा फाटकाच्या गजांना धरून उभे राहिले. आतलं मैदान रिकामं होतं.

"आपण काहीच बोललो नाही तिला," आई म्हणाली.

"हसलोपण नाही," बाबा म्हणाले.

दोघंही पेपर सुटेपर्यंत तसेच उभे होते. म्हातारीने त्यांना सफरचंदाच्या फोडी दिल्या, त्या त्यांनी न बघता खाल्ल्या.

बिट्टी बाहेर आली ती हातात प्रश्नपत्रिका हलवत. सुरुवातीला फार विचित्र वाटलं, असं तिने सांगितलं. कुणाच्याच गळ्यात कापड नव्हतं, कुणीच म्हातारं नव्हतं, आणि पर्यवेक्षक बाई अगदी हळू बोलत होत्या. मग तिने पान उलटलं आणि लिहीत सुटली. पुढे निकाल लागला तेव्हा यादीत तिचं नाव मधोमध कुठेतरी होतं, म्हणजे पुरेसं वर. पण त्या दुपारी हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि म्हातारीला तर त्याची फिकीरही नव्हती. तिची नजर प्रश्नपत्रिकेवर होती.

"हाच का तो खरा पेपर?"

"हो, आजी."

"दे इकडे."

सगळे तडक सलूनकडे गेले. रविवार नव्हता, पाटी नव्हती, पण बाबांनी कुलूप काढलं आणि आरशांवर कागद चिकटवले. डॉक्टर कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला. आईने घड्याळ बघून "सुरू करा" म्हटलं, कधी नव्हे ते हलक्या आवाजात, कारण शेजारच्या खुर्चीत बिट्टी बूट न काढताच झोपली होती.

डॉक्टरने शेवटचं पान उघडलं. म्हातारी बाहेरच्या बाकावर डोळे मिटून बसली. थोड्या वेळाने एक गिऱ्हाईक आलं, दाढी वाढलेलं, घाईत असलेलं. बाबांनी ओठांवर बोट ठेवून त्याला दारातच थांबवलं.

"फार वेळ लागेल का?" त्याने कुजबुजत विचारलं.

बाबांनी काचेतून आत पाहिलं. "लिहितोय," ते म्हणाले. "बसा तुम्ही."