बेचाळिसावी फाईल

[सोमवार]

आज सकाळी माझ्या टूलमध्ये आमचं घर दिसायला लागलं.

हे टूल मी आठ महिने बांधतोय. कंपनीचे एकेचाळीस सर्व्हर आहेत आणि प्रत्येकाची एक कॉन्फिगरेशन फाईल आहे: काय चालू, काय बंद, किती, कुठे. पूर्वी लोक थेट सर्व्हरवर जाऊन तिच्यात हात घालायचे. आता वेबपेज उघडायचं, डावीकडे फाईल निवडायची, उजवीकडे ओळ बदलायची. थेट जायची वाट मीच बंद केली.

आज डावीकडे बेचाळीस फाईली होत्या. शेवटची घराची.

[दिवाणखाना]
लांबी = १४ फूट
[कपाट]
दारं = २
[बाबा]
चहा = बिनसाखरेचा
गोळी = सकाळी ८
खोकला = चालू

मी लांबी सोळा केली. बदल मंजुरीला गेला. स्वतःचा बदल स्वतः मंजूर करता येत नाही, दुसरं माणूस लागतं. हा नियम माझाच. घराच्या फाईलवर दोनच नावं होती. दुसऱ्या नावाचा फोन आला.

"कौस्तुभ, मोबाईलवर काहीतरी आलंय. कुठलं बटण?"

"हिरवं. अंगठा टेकवा, बाबा. तुमचाच ठसा लागतो."

"आमच्याकडे उलटं होतं. ज्यानं व्हॉल्व्ह खोलला, त्यानंच तो बंद करायचा." बाबा चाळीस वर्षं पालिकेच्या पाणीपुरवठ्यात होते. "दाबलं. अरे, टीव्ही लांब गेला."

[मंगळवार]

बाबांचा खोकला तीन वर्षांचा आहे.

आमच्या धंद्यात ओळ कुणी पुसत नाही. तिच्या आधी हॅश, म्हणजे # ही खूण, लावतात. ओळ जागेवर राहते, मशीन ती वाचत नाही, आणि पुन्हा लागली तर हॅश काढता येतो. बरोबर बाराला मी हॅश लावला. मीटिंगची घाई होती. कर्सर तीन ओळी वर राहिला होता.

#[बाबा]

"आता काय बदललंस?" बाबांनी फोनवर विचारलं.

"तुमचा खोकला बंद केला."

"बरं केलंस. हिरवंच ना?"

"हिरवंच."

फोन चालू राहिला. पलीकडे कुणी नव्हतं.

कंसातल्या मथळ्यावर हॅश पडला की त्याच्या खालच्या ओळी कुठे जात नाहीत. त्या वरच्या मथळ्याच्या होतात. संध्याकाळी घरी गेलो, सोळा फूट चाललो. कपाट खोकत होतं.

[बुधवार]

आठ वाजता कपाटाचं एक दार उघडलं. मी फळीवर गोळी आणि बिनसाखरेचा चहा ठेवला. दार मिटलं. थोड्या वेळानं रिकामा कप बाहेर आला.

ऑफिसात गेल्या गेल्या हॅश काढला. बदल मंजुरीला गेला. पडद्यावर आलं: 'मंजुरीची वाट – बाबा.'

शेजारच्या टेबलावर झेबा मुलाणी बसते. आम्ही एकमेकांचे बदल मंजूर करतो.

"माझा एक बदल कर ना मंजूर."

"कुठल्या फाईलचा?"

"बेचाळिसाव्या."

"एकेचाळीसच आहेत, राजा. मोजून घे."

"बाबा कपाटात आहेत, झेबा."

"मग बाहेर काढ."

"मंजुरी लागते."

"हा नियम कुणाचा?"

"माझा."

"मग भोग," ती म्हणाली. पण उठून माझ्या पडद्यापाशी आली, खालपर्यंत बघितलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून परत गेली.

[शुक्रवार]

आमच्या साहेबांकडे, खर्डेकर सरांकडे गेलो. म्हटलं, दोन माणसांचा नियम काढू या.

"नियमांचीही फाईलच आहे ना?"

"हो, सर."

"तिला मंजुरी कोण देतं?"

"तुम्ही."

"मग नाही देत. इतकं छान चाललंय! आणि ती साफसफाई तर, वा!"

साफसफाई त्यांनीच मागितली होती. हॅश लावलेली ओळ सात दिवस तशीच राहिली तर टूल ती आपणहून पुसून टाकतं. कायमची. मी दिवस मोजले. मंगळवार, दुपारी बारा.

[रविवार]

कपाटानं पेपर मागितला. वाचून झालेली पानं फटीतून एकेक बाहेर सरकवली, बाबा द्यायचे तशी, घडी न मोडता.

"टीव्ही अजून लांबच आहे का रे?"

"हो, बाबा."

"असू दे."

[मंगळवार]

रजा टाकली. अकरा अठ्ठावन्नला बाबांचा मोबाईल घेऊन कपाटासमोर उभा राहिलो. पडद्यावर हिरवं बटण होतं. मी त्यावर माझा अंगठा टेकवून पाहिला. बटण करडं झालं. अंगठा उचलला, पुन्हा हिरवं.

"बाबा."

दार वीतभर उघडलं. आतून खोकला आला, मग पांढऱ्या शर्टाची बाही. तिच्या कफाचं बटण लावलेलं होतं. बाही मोबाईलवर येऊन थांबली.

"कुठलं?"

"हिरवं. अंगठा टेकवा."

बाही खाली आली. कफ काचेवर पडला आणि काच पुसल्यासारखा थोडा सरकला. बटण हिरवंच राहिलं. मी कफाच्या आत बोटं घातली. मग बाही खांद्यापर्यंत चाचपली. कापडच होतं.

"जोरात दाबा, बाबा."

बाही उचलली गेली, पुन्हा पडली. भिंतीवरच्या घड्याळाचे दोन्ही काटे जवळ आले होते.

"दाबलं," कपाट म्हणालं.