वाचकाला रडायला जागा

मालकीणबाईंच्या पुस्तकात सगळं होतं, फक्त रडणं नव्हतं. आणि संपादकाचं घोडं नेमकं तिथंच अडलं होतं.

लाँड्रीच्या मागच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलाला टेकून तो म्हणाला, "आजी, नवरा गेला त्या दिवशी तुम्ही गिऱ्हाइकाच्या चादरींना इस्त्री करत होतात. वाचक तुमच्यावर माया कशी करणार? एकदा तरी रडा. वाचकाला रडायला जागा हवी."

"मग त्याला न्हाणीघरात जा म्हणावं," मालकीणबाई म्हणाल्या. "अरे, दोन लेकरं माझ्या गळ्यात टाकून जो परागंदा झाला, तो फक्त मरायला घरी आला. त्याचं गू-मूत मी काढलं. रडणं तोवर उरलंच नव्हतं. तेच लिहायचंय मला. जावेनं जन्मभर मला दगड म्हटलं. दगड तर दगड, पण दगड कशानं झाला ते छापून येऊ दे."

सूनबाई मान खाली घालून घड्या घालत होती. मालकीणबाई दुसरीतच शाळेतून उठलेल्या; त्यांनी बोलायचं आणि दुपारी इस्त्र्या निवल्या की सूनबाईनं लिहायचं, असं ते पुस्तक झालेलं. तिला पुढं स्वतःचंही पुस्तक काढायचं होतं. संपादकाला दारापर्यंत सोडायला तीच गेली आणि बराच वेळ आली नाही.

पुस्तक आलं तेव्हा मालकीणबाईंनी तिला समोर बसवलं. "ते पान वाच."

सूनबाईनं वाचलं, "'माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. हातातल्या चादरीची घडी घातली आणि दुसरी घेतली.'"

"हं," म्हणून त्यांनी पुस्तक फळीवर ठेवलं. जावेच्या घरी एक प्रत आवर्जून धाडली.

वाचनालयानं कार्यक्रम ठेवला. खुर्चीवर टेकतात न टेकतात तोच एका शिक्षिकेनं येऊन त्यांचा हात धरला. "आजी, त्यांचा सदरा छातीशी धरून तुम्ही हंबरडा फोडलात ना, तिथं मीही ढसाढसा रडले हो!"

"कुणी फोडला?"

बाईनं पान उघडून दिलं. मालकीणबाईंनी चष्मा लावला आणि अक्षराखाली बोट धरून वाचू लागल्या. सभा ताटकळली. सदरा होता. छाती होती. हंबरडा तर दोनदा होता.

"त्याशिवाय ते छापत नव्हते, आई," शेजारी सूनबाई पुटपुटली.

"आणि तू मला वाचून दाखवलंस ते?"

"तुम्ही सांगितलेलं. पाठच होतं मला."

तेवढ्यात सूत्रसंचालकानं माईक पुढं केला. "नव्या लेखकांना काय सल्ला द्याल?"

"आधी वाचायला शिका," मालकीणबाई म्हणाल्या. "आपलं लिखाण आपल्या डोळ्यांनी वाचा. लेकी-सुनांच्या तोंडून ऐकून हुरळू नका. आणि छापणारा म्हणाला, 'बाकी सगळं उत्तम, एवढं एकच बदला', तर समजा, तेवढंच तुमचं होतं. बाकीचं कुणीही लिहिलं असतं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. संपादकानं सगळ्यांत जोरात वाजवल्या.

मग सह्यांची रांग लागली. पहिली प्रत हातात येताच मालकीणबाईंनी ते पान काढलं, हंबरड्यावर आडवीतिडवी काट मारली आणि मग वेड्यावाकड्या अक्षरांत सही केली. दुसरीवर तेच. लोकांना वाटलं, बाईंची ही तऱ्हाच आहे. ज्यांची प्रत घरी राहिली होती ते नवी घेऊन रांगेत आले. पुढची प्रत सूनबाई आपणहून त्याच पानावर उघडून देऊ लागली. मालकीणबाईंनी तिच्याकडं पाहिलं नाही, पण प्रत घेतली.

संपादक कानाशी वाकला. "आजी, झकास! पुढच्या आवृत्तीत हे असंच खोडलेलं छापू. लोक उड्या मारतील."

"मेल्या, माझं खोडणंसुद्धा विकतोस?"

रांग खळखळून हसली. मागं कुणीतरी तेही वाक्य टिपून घेतलं.