हिरवा ताणा

देठाजवळचा ताणा अजून हिरवा होता... कुरळा, ओला, बोटानं ओढला की परत गुंडाळून जागेवर जाणारा... आणि तरी टरबूज तोडलेलं. अन्नपूर्णानं ते उचललं. ओंजळीत मावेल एवढं, सालीवर एक डाग नाही. ताणा वाळेपर्यंत, आठवडाभर आणखी, वेलीवर राहतं तर आत साखर झाली असती. ओळीच्या त्या टोकाला लहानू, तिचा नवरा, पाठमोरा उकिडवा बसून पुढच्या फळावर टिचकी मारत होता.

हा मुद्दाम करतोय, असं तिच्या मनात आलं आणि ते तिथंच ठाण मांडून बसलं. छोट्या टरबुजांचा हट्ट तिचा. बोरगावला दिलेली लेक, काजल, फोनवर म्हणाली होती, "आई, इकडं घरात दोघं नाईतर तिघं. मोठं टरबूज फ्रीजमंदी मावत नाई, अर्धं फेकाच लागते." लहानूचा सगळा जन्म मोठ्या फळांत गेलेला, पवनारला नदीच्या रेतीत बापासोबत लावलेली, एक कापलं की अख्खा मोहल्ला खाईल अशी टरबुजं... तो एवढंच म्हणाला होता, "कर मंग." आणि तेव्हापासून, म्हणजे कापूस वेचून झाला तेव्हापासून, त्यानं बोलणंच टाकलं.

विचारलं तर हूं. कधी तेही नाही. थंडीत मला ताप भरला होता, खाटेवरून पाणी मागितलं, पुन्हा मागितलं, आणि हा माणूस दारात बसून विळ्याला धार लावत राहिला, मान वळवली नाही... उठले, भिंत धरत गेले, माझं मी प्यायले. ते पाणी अजून घशाखाली उतरलेलं नाही. लेक गेल्यावर घरात उरली दोन माणसं, त्यातलं एक रुसलेलं. अन्नपूर्णा मांजराशी बोलायला लागली. आधी चोरून, मग त्याच्या देखत, मुद्दाम मोठ्यानं, नावं ठेवत. तो भाकरी मोडत राहायचा.

आज व्यापारी येणार. माल कच्चा निघाला तर तो आल्या पावली परत जाईल, आणि मग याला म्हणता येईल, पाह्यलं तुहं लहान टरबूज...

टण. टिचकीचा आवाज तिला इथवर आला, पितळेच्या गडव्यावर वाजावा तसा. कच्चं. पिकलेलं बद्द वाजतं, हे तिला त्यानंच शिकवलेलं, लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, तिचा कान सालीला टेकवून. "टरबूज डोयानं नाई, कानानं ओळखा लागते," म्हणाला होता आणि किती हसला होता! टण. पुन्हा टण. आणि त्यानं विळा देठाला लावला.

"अजी! कच्चं हाय ते!"

देठ तुटला.

"म्या काय सांगून राह्यली तुमाले!"

पाठ हलली नाही. ती तरातरा निघाली, हातात ते हिरव्या ताण्याचं फळ, तोंडात इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं. तेवढ्यात शेताच्या कडेला, धुऱ्यावर, व्यापाऱ्याचा टेम्पो येऊन थांबला आणि लहानूच्या अगदी पाठीशी हॉर्न वाजला. लांबलचक, कर्कश. ओळीतले बगळे उडाले. ती स्वतः दचकली. लहानूनं मात्र पुढचं टरबूज जवळ ओढलं, कान लावला, टिचकी मारली, पुन्हा मारली... मग कान काढून सालीवर तळवा दाबून ठेवला. ती आता त्याच्या बाजूला पोचली होती. त्याचा चेहरा तिला दिसला. परक्या गावात वाट चुकलेल्या माणसाचा असतो तसा.

अन्नपूर्णा थांबली.

म्हणजे ते पाणी... मांजराला सांगितलेली गाऱ्हाणी, ते टोमणे... यातलं काहीच याच्यापर्यंत गेलं नाही? राग आता कुठं ठेवावा हे तिला कळेना. इतके दिवस तो रागच तर सोबतीला होता. आणि याला कोण होतं? रोज उठून बोटं झिजेस्तोवर टिचक्या मारायच्या, काही ऐकू येत नाही हे कुणाला सांगायचं नाही... मलाही नाही. आणि मी समजत होते, या घरात एकटी मीच.

ती वळसा घालून त्याच्या समोर गेली. तो चपापला, मग तिच्या ओठांकडे बघत राहिला. तिनं त्याच्या पुढ्यातल्या टरबुजावर टिचकी मारली आणि मान हलवली, नाही. शेजारचं वाजवलं, बद्द. होकार दिला. त्यानं विळा तिच्या हातात दिला.

धुऱ्यावरून व्यापारी हाका मारत होता. लहानू कडुनिंबाकडे बघत म्हणाला, "औंदा कोकिळा बोललीच नाई, काजलची माय. काऊन वं?"

कडुनिंबात कोकिळा सकाळपासून गळा फाडून ओरडत होती. अन्नपूर्णानं त्याला दिसतील असे ओठ हलवले, "बोलन, थांबा जरा."

आणि तो आवाज तिला एकटीनं ऐकवेना.