सव्वानऊचा फोन

"मावशी, ह्या डब्यांच्या मागं नेट ठेवलंय व्हय तुमी? मुरवायला घातलंय का?"

मालोजी स्टुलावर चढून फळीवरचे स्टीलचे डबे एकेक करून खाली देत होता, आणि यशोदाबाई प्रत्येक डबा हातात घेताना त्याच्या बोटांचे ठसे पदराने पुसत होत्या. पोह्यांचा, शेंगदाण्यांचा, साबुदाण्याचा. सगळ्यांच्या मागे, लोकरीने विणलेल्या रुमालाखाली, हिरवे दिवे लुकलुकवत बसलेली नेटची पांढरी पेटी.

"धूळ बसती म्हणून झाकलंय," यशोदाबाई म्हणाल्या. "तुझ्या तारंतच जीव नाही, ते सांग आधी. माझ्या डब्यायला नावं ठिवू नको."

मालोजी मूळचा चाकणचाच. वावर कंपन्यांत गेलं तेव्हा त्याने आधी टीव्हीची केबल टाकली आणि मागाहून त्याच तारांतून नेट द्यायला लागला. तीन गल्ल्यांच्या छपरांवरून त्याच्या काळ्या तारा लोंबत होत्या. वीस वर्षांत यशोदाबाईंनी त्याला एकदाही काम चांगलं केलंस असं म्हटलं नव्हतं, आणि वीस वर्षांत तो या घरातून चहा न पिता बाहेर पडला नव्हता. आज मात्र अकरा वाजत आले तरी चहाचं आधण चढलं नव्हतं.

कारण तसंच होतं. त्यांच्या सुनेचं नाव पूर्वी. ती हिंजवडीच्या एका कंपनीचं काम वरच्या खोलीत बसून करायची. यंत्रांची चित्रं काढायची आणि कंपनीला पाठवायची, मधूनमधून साहेबांशी मीटिंग. तीन वर्षं सगळं सुरळीत चाललं होतं. गेल्या महिन्यापासून मात्र मीटिंगमध्ये तिचा चेहरा जागच्या जागी थिजायचा, आवाज तुटायचा, आणि एक चित्र पाठवायला घेतलं की दुपारचं ऊन उतरेपर्यंत ते जातच राहायचं. साहेबाने निर्वाणीचं सांगितलं होतं. सोमवारपर्यंत नेट नीट झालं तर ठीक, नाहीतर रोज ऑफिसला या. चाकणहून हिंजवडी म्हणजे कंटेनरांच्या रांगेत जाऊन-येऊन चार तास. म्हणून त्यांचा मुलगा गणराज, जो इथेच सुट्या भागांच्या कंपनीत शिफ्टला जायचा, हिंजवडीजवळ मारुंजीला दोन खोल्या बघून आला होता. आईला त्याने ते काल जेवताना सांगितलं, ताटाकडे बघत.

"जा की," यशोदाबाई म्हणाल्या होत्या. "मी काय बांधून ठिवलंय तुमाला?" आणि उठून लोणच्याची बरणी जागेवर ठेवली होती. ती आधीच जागेवर होती.

हे घर त्यांनी पोळ्यांवर उभं केलं होतं. नवऱ्याच्या मागे बावीस वर्षं कंपनीतल्या पोरांची मेस चालवली. पहाटे उठून दोनशे पोळ्या, संध्याकाळी पुन्हा दोनशे. स्लॅब टाकला तेव्हा त्यावर पाणी मारायला मजूर लावला नाही, स्वतः घागरी वाहिल्या. वरची खोली सून येण्याआधी पाच वर्षं बांधून, रंग देऊन, कुलूप लावून ठेवली होती. त्या खोलीला आता पुन्हा कुलूप लागणार होतं, आणि तेही ह्या मालोजीच्या तारेपायी. महिनाभर त्या तारेला नावं ठेवत त्यांनी गल्लीत एक दार सोडलं नव्हतं. म्हणे नेट. कुत्र्याच्या साखळीत जास्त दम असतो.

मालोजीने पेटी उघड्यावर आणून ठेवली, बंद केली, दहा आकडे मोजले, पुन्हा चालू केली. सुनेचा लॅपटॉप खाली मागवून थेट वायरने जोडला. मग तो आणि पूर्वी दोघं पडद्याकडे बघत राहिले.

"येणारं बघा, ताई. तीस. झकास हाय. आता जाणारं." तो थांबला. "अर्धं बी न्हाई."

"तेच तर म्हणतेय मी," पूर्वी म्हणाली. "तुम्हाला फोन केला की तुमचा माणूस सिनेमा लावून बघतो आणि सांगतो, व्यवस्थित चाललंय. सिनेमा येतो हो. माझं जात नाही."

यशोदाबाईंनी विचारलं, यायचं आणि जायचं ह्यात फरक तो काय, तार तर एकच. तेव्हा मालोजीने हाताने हवेत रस्ता आखला. येणारी बाजू रुंद आहे मावशी, चार गाड्या शेजारी-शेजारी येतील. जाणारी बाजू गल्लीएवढी, ह्या जुन्या तारेत तेवढीच मिळते. एका माणसाच्या कामाला पुरते. पण तिच्यात कोणी ट्रेलर आडवा लावला, की मागच्या सगळ्या गाड्या उभ्या.

"मग हटव ट्रेलर."

"शोधतोय न्हवं."

त्याने टीव्हीचा प्लग काढला. पूर्वीचा मोबाइल बंद करायला लावला. बाहेर जाऊन खांबापासून भिंतीपर्यंतची तार हाताने चाचपून आला. पुन्हा मोजलं. जाणारं अर्धंसुद्धा नाही. तो आता गप्प झाला होता, आणि मालोजी गप्प झाला की काम अवघड आहे हे सगळ्या गल्लीला माहीत होतं.

यशोदाबाई स्वयंपाकघरात आल्या. ओट्यावर तिखटाच्या डब्याला टेकवून त्यांचा फोन उभा होता. घरात परका पुरुष आला म्हणून त्यावर पोळ्यांचं फडकं टाकलं होतं. त्यांनी फडक्याचं टोक उचललं.

आत अक्का होती. त्यांची थोरली बहीण गोजाबाई, अंबाजोगाईजवळच्या गावी लोखंडी खाटेवर, उशीला टेकून बसवलेली. उजवी बाजू गेल्याला दोन वर्षं झाली आणि त्याच दिवशी वाचाही गेली. पण डोळे तसेच होते, मापात चूक धरणारे. ह्याच ओट्याशी अकरा वर्षं दोघी उभ्या राहिल्या होत्या. अक्का लाटायची, यशोदा भाजायची. दोनशे पोळ्या होईपर्यंत एक शब्द नाही. दोघींच्या आईने म्हणे कणकेवर बोलू दिलं नव्हतं कधी.

महिन्यापूर्वी अक्काच्या लेकाने गावी नेट घेतलं. तेव्हापासून सकाळी सव्वानऊला पूर्वी वर गेली, की अक्काची सून साधना तिकडून फोन लावायची आणि खाटेच्या गजाला तो बांधून रानात जायची, ती पाचला परतेपर्यंत. तेवढा वेळ अक्का इथल्या ओट्यावर असायची. यशोदाबाई लाटायच्या, भाजायच्या, भाजी निवडायच्या. पोळी फुगली की फोनपुढे धरायच्या. अक्काच्या डाव्या हातात एकच बांगडी उरली होती. पोळी बरी असली तर ती गजावर एकदा वाजायची, टक. जाड असली तर दोनदा. दोनदा वाजली की यशोदाबाई पुढच्या गोळ्यावर आणखी जोर देत. तोंडाच्या फटकळ बाईला गेल्या वीस वर्षांत कोणी चूक दाखवून निभावलं नव्हतं.

हे त्यांनी घरात सांगितलं नव्हतं. स्वतःच्या घरात सुनेला विचारून फोन लावायचा, हे त्यांच्याच्याने झालं नसतं. मोबाइलची रेंज खाली साध्या फोनपुरतीच यायची, बाकीची शेजारच्या तीन मजली इमारतीने अडवली होती, व्हिडिओच्या फोनपुरती काय ती गच्चीवर मिळायची. म्हणजे नेट सुनेचंच वापरायचं. पण ते खर्चायचं नाही, ह्याची त्यांनी काळजी घेतली होती. फोन म्हणजे बोलणं, जेवढं बोलाल तेवढं जाणार. पूर्वीच्या कामाला धक्का नको म्हणून महिनाभर त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. साधनेशीसुद्धा नाही, हात हलवून काम भागवलं. सुनेच्या चुलतीबद्दल सांगण्यासारखं कितीतरी जिभेवर येऊन परत गेलं होतं.

"ताई," बाहेरून मालोजीचा आवाज आला. "ह्या पेटीवर कोन-कोन हाय ते मला माझ्या मोबाइलवर दिसतंय. तुमचा लॅपटॉप हाय. आनि आजूक एक फोन हाय. सकाळी सव्वानऊपास्नं सारखा पाठवतोय."

"गणराज कामावर आहेत. माझा बंद आहे," पूर्वी म्हणाली. "आईंचा असेल, पण त्या कुठे काय पाठवतात? त्यांना फोटोसुद्धा पाठवता येत नाही."

यशोदाबाईंचा हात फडक्यावर तसाच राहिला. महिना, सव्वानऊ, सारखा. त्यांना अक्षरं जोडून वाचायला वेळ लागायचा, हे जोडायला लागला नाही.

त्या तशाच उभ्या राहिल्या असत्या तरी चाललं असतं. फडक्याखाली हात घालून फोन बंद केला असता, तर बाहेर नेट आपोआप सुटलं असतं, आणि मालोजीने आपल्या तारेला हात लावला म्हणून सुटलं, असंच सगळे समजले असते. त्यांनी फोन उचलून तोंडाजवळ धरला. महिन्यात पहिल्यांदा बोलल्या.

"अक्का, ठिवते गं."

अक्काचे डोळे मोठे झाले. यशोदाबाईंनी लाल बटण दाबलं.

"आलं की," बाहेर मालोजी म्हणाला. "दोन. पुरं दोन आलं बगा."

दारात यशोदाबाई उभ्या होत्या. हातात काळा पडलेला फोन. मालोजीने एकदा फोनकडे बघितलं, एकदा त्यांच्या तोंडाकडे, आणि लगबगीने वायर गुंडाळायला लागला. "तारंला वाक आला हुता, ताई. भिंतीपाशी. माझीच चूक, मगा सरळ केली ती आत्ता लागू पडली. आता न्हाई व्हायचं."

ज्याने वीस वर्षं आपल्या तारेत खोट कबूल केली नव्हती, तो आज नसलेली खोट पदरात घेत होता. यशोदाबाईंना ते घेता आलं असतं. गल्लीभर बोललेलं सगळं खरं ठरलं असतं.

"तार नीट हाय त्याची," त्या पूर्वीला म्हणाल्या. "फोन माझा होता."

"कोणाला लावला होता, आई?"

"अक्काचा येतो. रोज." आणि मग, कुठल्यातरी मोठ्या माणसासमोर उभं केल्यासारखं, "पर बोलत नव्हते मी. एक शब्द बोलले नाही. त्यावर फडकंसुदिक टाकलं होतं."

उत्तर मालोजीने दिलं, खाली बघत, बॅगेची चेन लावत. "मावशी, त्याला बोलन्याचं काय न्हाई. त्यो दाखवतो न्हवं, ते सगळं धाडत असतो. फडकं टाकलं तर अंधार धाडतो."

मग त्याने सांगितलं ते थोडक्यात असं, की ह्या तारेच्या जाणाऱ्या बाजूला एकच चाकोरी आहे, ताईंची मीटिंग तरी जाईल नाहीतर मावशींचा फोन तरी. नवी काचेची तार, फायबर, टाकली की दोन्ही जातील, पण त्यासाठी गल्लीचा रस्ता खोदावा लागेल आणि त्याची परवानगी लवकर मिळत नाही, दिवाळी उजाडेल. पूर्वी म्हणाली, मी दुपारी एक ते दोन काम बंद ठेवत जाईन, तेवढ्यात तुम्ही लावा. यशोदाबाई म्हणाल्या, दुपारी एकला कुणी पोळ्या लाटतं का?

आणि चहा टाकायला आत गेल्या. मालोजीला त्यांनी बशीत खारी दिली, जी पाहुण्यांनाच मिळायची. तो गेल्यावर पूर्वीने गणराजला फोन करून सांगितलं, की मारुंजीच्या माणसाला नाही म्हणून कळवा. हे तिने स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून, ऐकू जाईल असं सांगितलं.

शनिवार-रविवार फोन लागला नाही. साधनेने दोनदा लावून बघितला, यशोदाबाईंनी उचलला नाही. लाटताना त्या तिखटाच्या डब्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या, आणि पोळ्या एकसारख्या झाल्या नाहीत.

सोमवारी सव्वानऊला पूर्वी मीटिंगला बसली. तिचा आवाज कुठे तुटत नव्हता. खोलीचं दार उघडं होतं आणि जिना तिथूनच वर जायचा. पहिल्यांदा पोळपाट-लाटणं गेलं. मग कणकेची परात, दोन्ही हातांत, एका पायरीवर दोन्ही पाय ठेवत. गुडघ्याचा आवाज मीटिंगमध्ये सुद्धा ऐकू जात असावा. मग शेगडी, तवा आणि तिखटाचा डबा. गच्चीपर्यंत खालून बत्तीस पायऱ्या. हाक नाही, मदत मागणं नाही. शेवटच्या खेपेला यशोदाबाई लहान सिलेंडरसाठी खाली उतरल्या, तर तो ओट्याखाली नव्हता. वर आल्या तेव्हा तो टाकीच्या सावलीत शेगडीला जोडून ठेवलेला होता, आणि गच्चीखालच्या आपल्या खोलीत पूर्वी किंचित धापा टाकत साहेबाला सांगत होती, की हो, आता येतोय ना माझा आवाज स्पष्ट?

यशोदाबाईंनी शेगडी पेटवून तवा ठेवला.

टाकीला तिखटाचा डबा टेकवला, डब्याला फोन. रेंजच्या दोन काड्या होत्या. चित्र आलं, अडकलं, पुन्हा आलं. अक्काचे केस विंचरलेले होते. तिने बघितलं, यशोदाच्या मागे भिंत नाही, कंपन्यांची निळी छपरं आहेत आणि वारा आहे. बराच वेळ ती छपरंच बघत राहिली.

वाऱ्याने आच एका बाजूला पळत होती. पहिली पोळी अर्धी फुगली, अर्धी बसली. यशोदाबाईंनी ती चिमट्याने उचलून फोनपुढे धरली आणि थांबल्या.

टक. टक.

त्यांनी पोळी बाजूला ठेवली आणि नवा गोळा घेतला.